व्होल्टेज किती ठेवावे: यशवंतपूरच्या दुरुस्ती-टेबलावरचे अनुभव

मदरबोर्डवरच्या व्होल्टेजचा विषय प्रोसेसरभोवती बसवलेल्या व्हीआरएमपासून सुरू होतो. एसएमपीएसकडून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरच्या गाभ्याला मात्र साधारण एक ते दीड व्होल्टच्या मधलेच काहीतरी लागते. हे उतरवण्याचे काम सॉकेटच्या बाजूला रांगेने बसवलेले मॉस्फेट, चोक आणि कॅपॅसिटर करतात; यांनाच मिळून व्हीआरएम म्हणतात. १.२ व्होल्टवर १०० वॅट खाणारा प्रोसेसर ऐंशीहून जास्त अँपिअर ओढतो. घरातल्या एसीच्या एमसीबीवर २० अँपिअर लिहिलेले असते, त्याच्या चौपट प्रवाह नखाएवढ्या सिलिकॉनमधून जातो. बायोसमधला आकडा १.२५ चा १.३५ केला की फरक दिसायला दहा पैशांचा वाटतो. पण चालू-बंद होण्यात खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे याच एका बदलाने खर्च सुमारे १७ टक्क्यांनी चढतो. त्यात वाढत्या तापमानाबरोबरची गळती वेगळी.

बंगळुरूच्या यशवंतपूर भागात दुरुस्तीला येणाऱ्या डेस्कटॉपचे चार ठळक प्रकार आहेत. एपीएमसी यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवरची बिलिंगची मशीन असतात. नाशिक-सोलापूरकडून आलेल्या मालाच्या पट्ट्या त्यांवर निघतात आणि आत धूळ व कांद्याची फोलपटे एकत्र सापडतात. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपची मशीन असतात, ज्यांच्या लाइनवर वेल्डिंगही चालते. मत्तिकेरे-गोकुळ भागातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः जोडलेली गेमिंगची मशीन असतात. आणि सदर पत्रप्पा रोडवरून, म्हणजे इथल्या बोलीत एसपी रोडवरून, सेकंडहँड आणलेले बोर्ड असतात. चौघांचीही तक्रार एकाच शब्दात येते: ‘हँग होते’. कारणे मात्र निराळी निघतात. वर्षानुवर्षे हे काम केल्यावर एक गोष्ट पक्की होते. हौसेने व्होल्टेज चढवून चिप मारणारे थोडे असतात. बोर्डने ‘ऑटो’च्या नावाखाली काय दिले आहे हे न पाहणारे बहुसंख्य असतात, आणि नुकसान जास्त करून त्यांच्याकडेच होते.

व्होल्टेज हाताने ठरवण्याची पद्धत जुनी आहे. सॉकेट ७ च्या काळात ते जंपरने ठरायचे. साधा पेंटियम ३.३ व्होल्टच्या आसपास चालायचा. १९९७ साली आलेल्या पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागायचे आणि बाहेरच्या संकेतांना ३.३. एएमडीच्या के६ च्या सुरुवातीच्या चिपला २.९, त्यातल्या २३३ मेगाहर्ट्झच्या चिपला ३.२, आणि पुढच्या के६-२ ला २.२. हा आकडा चिपच्या पाठीवर छापलेला असायचा. जुना पेंटियम काढून त्या जागी एमएमएक्स बसवताना जंपर तसाच राहिला तरी मशीन सुरू व्हायचे, विंडोजही चढायचे, फक्त हीटसिंकला हात लावला की चटका बसायचा. त्या पिढीच्या कारागिरांनी यातून एक धडा घेतला आणि तो पुढे कायम उपयोगी पडला: मशीन चालू होणे हा व्होल्टेज बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

पेंटियम प्रोपासून प्रोसेसर स्वतःच बोर्डला सांगू लागला की मला इतके द्या. या मागणीला व्हीआयडी म्हणतात. आज ती प्रत्येक चिपची वेगळी असते. कारखान्यात चाचणी करून, कोणत्या वेगाला किती व्होल्ट लागतात याचा आलेख चिपमध्येच नोंदवला जातो. म्हणून एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले दोन प्रोसेसर शेजारी ठेवले तरी एक १.१८ मागतो आणि दुसरा १.२६. ‘माझ्या मित्राचा १.२० वर चालतो, माझा का नाही’ या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. चिप घडवण्याचे काम किती बारकाईचे असते ते या शहराला नवे नाही. इंटेलचा सहा गाभ्यांचा झिऑन ७४०० हा प्रोसेसर बंगळुरूच्याच केंद्रात आखला गेला आणि सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला.

जास्त व्होल्टेजने चिप दोन तऱ्हांनी खराब होते. पहिली तऱ्हा तडकाफडकीची. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर काही अणूंच्या जाडीचा असतो, त्याला भोक पडले की संपले. दुसरी संथ असते. प्रवाहाच्या रेट्याने तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकतात, ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारा दाब थोडा थोडा वाढत जातो, आणि उष्णता या दोन्हींचा वेग वाढवते. दुरुस्तीच्या टेबलावर संथ प्रकारच जास्त दिसतो आणि त्याची खूणही ठरलेली आहे. वर्षभर बिनतक्रार चाललेले मशीन त्याच सेटिंगवर अचानक अडखळू लागते. गेम उघडताना मेमरीची चूक दाखवते, मोठी झिप फाइल सोडवताना ती खराब असल्याचे सांगते. मालक विंडोज फॉरमॅट मारतो, रॅम बदलतो, शेवटी व्होल्टेज आणखी थोडे चढवतो. काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. चढवलेल्या व्होल्टेजने झीज आणखी वाढवलेली असते.

याचे गाजलेले उदाहरण २००२ च्या सुमाराचे. पेंटियम फोरच्या नॉर्थवुड चिपला दीड व्होल्ट नेमलेले होते. हौशी लोकांनी १.७ च्या वर नेले तेव्हा चिप छान धावल्या आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी एकाएकी गेल्या. या प्रकाराला ‘सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम’ असे नावच पडले. आधीच्या जाड बांधणीच्या चिपवर लोकांनी याहून जास्त टक्के चढवून पचवले होते, त्याच सवयीने नव्या चिपवर हात टाकला गेला. बांधणी बारीक झाली की जुना सुरक्षित आकडा रद्द होतो, हे तेव्हा अनेकांना महागात पडून समजले.

रॅमच्या बाबतीत उतरती भाजणी सरळ आहे. पहिल्या डीडीआरला २.५ व्होल्ट, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५ आणि तिच्या कमी दाबाच्या प्रकाराला १.३५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. हे प्रमाणित आकडे. जलद म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या त्यांच्यातच नोंदवलेले वेगाचे प्रोफाइल बायोसमधून चालू केल्यावर याहून जास्त मागतात: डीडीआर४ बहुधा १.३५, डीडीआर५ १.२५ पासून १.४ पर्यंत. डीडीआर४ च्या चिपची कमाल सहनमर्यादा मानकात १.५ व्होल्ट दिलेली आहे. पण ती मर्यादा आहे, रोजचा मुक्काम नव्हे. रोजच्या वापराला १.३५ पुरे. त्याच्या वर जायचे तर पट्ट्यांवरून वारा वाहता हवा, आणि यार्डातल्या भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटमध्ये तो वाहत नसतो.

रॅमचा खरा धोका रॅमला नसतो, तो प्रोसेसरला असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय७ मध्ये मेमरी कंट्रोलर बोर्डवरून उचलून प्रोसेसरच्या आत आला. तोवर डीडीआर३ च्या शर्यतीच्या पट्ट्या १.८ ते २ व्होल्ट सर्रास मागायच्या. इंटेलने १.६५ ची मर्यादा घातली, कारण पट्टीला दिलेला दाब आता थेट प्रोसेसरच्या पायांवर येत होता. इथल्या दुकानांत त्यानंतरही बराच काळ जुन्या पट्ट्या नव्या बोर्डात बसवल्या जात होत्या. पट्ट्या मजेत असायच्या. वर्षा-दीड वर्षाने प्रोसेसरची एखादी मेमरी वाहिनी बंद पडायची, तीनपैकी दोनच स्लॉट चालायचे, आणि दोष बोर्डवर ढकलला जायचा.

त्याच जातीचा पण आजचा प्रकार म्हणजे कंट्रोलरला मिळणारी आडबाजूची व्होल्टेजेस. इंटेलच्या बोर्डवर सिस्टिम एजंट आणि व्हीसीसीआयओ, एएमडीच्या बोर्डवर एसओसी. रॅमच्या प्रोफाइलमध्ये मुख्यतः रॅमपुरते आकडे असतात. जलद रॅम सांभाळायला कंट्रोलरला किती द्यायचे हे बोर्ड आपल्या अंदाजाने ठरवतो, आणि अंदाज नेहमी सढळ हाताचा असतो. बोर्ड बनवणाऱ्याला ‘रॅम या बोर्डवर चालत नाही’ ही तक्रार नको असते. चिपचे आयुष्य त्याच्या हिशेबात दुसऱ्या क्रमांकावर येते.

मत्तिकेरेतल्या एका विद्यार्थ्याचे मशीन याच कारणाने टेबलावर आले. चार पट्ट्या, प्रोफाइल चालू, रात्री अभ्यासाच्या वेळी निळा पडदा. मेमरी तपासणीत प्रत्येक पट्टी एकेकटी निर्दोष. बायोसमध्ये ‘ऑटो’ लिहिलेल्या रांगेपुढे राखाडी अक्षरांत खरा आकडा दिसत होता: सिस्टिम एजंट १.३५ च्या पुढे. तो हाताने १.२० वर आणला, रॅमचा वेग एक पायरी उतरवला, आणि मेमटेस्ट८६+ रात्रभर लावून ठेवला. सकाळी शून्य चुका. वेग उतरवल्याने त्याच्या गेममध्ये जो फरक पडला तो त्यालाही शोधून सापडला नाही. अशा वेळी व्होल्टेज चढवून प्रश्न सोडवण्यापेक्षा वेग सोडून देणे शहाणपणाचे, असे मत या कामात कुणाचेही होते.

एएमडीच्या बाजूला हीच गोष्ट एप्रिल २०२३ मध्ये जगभर गाजली. रायझन ७००० मालिकेतले जादा कॅशचे प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याची छायाचित्रे आली. रॅमचे प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीला गरजेपेक्षा जास्त दाब देत होते. एएमडीने बायोसच्या मूळ संहितेत एसओसीवर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली आणि बोर्ड कंपन्यांनी नवे बायोस काढले. त्यामुळे एएम५ च्या बोर्डवर १.३ ही वरची भिंत समजावी, त्याच्या खाली १.२ ते १.२५ मध्ये काम होत असेल तर तिथेच थांबावे. जुन्या एएम४ वर हा आकडा १.१ च्या आसपास ठेवावा आणि १.२ ओलांडू नये. एएम५ चा सेकंडहँड बोर्ड घेतला तर बायोसची आवृत्ती २०२३ च्या उन्हाळ्यापूर्वीची आहे का हे प्रोसेसर बसवण्याआधी बघावे. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते.

गाभ्याच्या व्होल्टेजचा आकडा विचारणाऱ्याला आधी विचारावे लागते: कोणत्या भाराखाली? रायझनवर हलक्या कामात १.४५ पर्यंतची उसळी दिसली की लोक घाबरून येतात. एकच गाभा क्षणभर वर जातो, प्रवाह थोडा असतो, चिप थंड असते. तिथे ते चालते आणि कारखान्याने तसेच ठरवलेले आहे. तेच १.४५ हाताने पक्के करून सगळ्या गाभ्यांवर व्हिडिओ रेंडर लावला तर चिप काही महिन्यांत थकते. सगळे गाभे कामाला लावणाऱ्याने पक्का आकडा द्यायचाच असेल तर एएम४ वर १.२५ ते १.३० च्या पुढे जाऊ नये. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या चिपवरही पूर्ण भाराखाली वाचलेला आकडा १.३० च्या आत राहिलेला बरा.

‘वाचलेला’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बायोसमध्ये १.३० लिहिले म्हणजे चिपला १.३० मिळतात असे नाही. भार आला की व्होल्टेज थोडे खाली बसते, याला व्हीड्रूप म्हणतात. ते दोष नसून मुद्दाम ठेवलेले असते. भार सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज उलटे उसळते, ती उसळी मर्यादेत राहावी म्हणून आधीची ही घसरण. टेबलावर हे डोळ्यांनी दिसते. एका पडद्यावर एचडब्ल्यूइन्फो उघडावे, दुसऱ्यात प्राइम९५ सुरू करावे. बायोसमध्ये १.३० असलेले मशीन आरामात १.२९ दाखवते आणि भार येताच १.२३ वर बसते. मग ही घसरण भरून काढणाऱ्या लोड-लाइन कॅलिब्रेशनची पातळी सर्वात कडक करून पाहावी. आता भाराखाली १.३१ दिसते, दिसायला सारे सरळ, आणि तापमान १० अंशांनी चढलेले. भार सुटतानाच्या उसळ्या मात्र ना सॉफ्टवेअर पकडते ना मल्टिमीटर. त्या इतक्या क्षणिक असतात की ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून कॅलिब्रेशन मधल्या पातळीवरच ठेवावे. यात आणखी एक सापळा आहे: असुसच्या बोर्डवर मोठा आकडा म्हणजे कडक पातळी, तर एमएसआय आणि अॅसरॉकवर लहान आकडा म्हणजे कडक. एका बोर्डची सवय दुसऱ्यावर नेली की नेमके उलटे होते.

एसपी रोडच्या सेकंडहँड बोर्डांची कहाणी बहुधा एकच असते. आधीच्या मालकाने केलेली सेटिंग बायोसच्या स्मृतीत तशीच असतात, कारण सीएमओएसची बॅटरी जिवंत असते. पीण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये असा बोर्ड चढवला गेला, त्यावर कुणीतरी गाभ्याला १.४५ पक्के करून ठेवलेले. ड्रॉइंग उघडण्यापुरतेच काम, पण पंखा दिवसभर किंचाळायचा, आणि लोकांनी तो आवाज पीण्याच्या धुळीच्या खाती टाकला. बोर्ड हाती आला की पहिले काम एकच: वायर काढून बॅटरी उपसायची, क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना क्षणभर जोडायच्या, मग आत जाऊन मूळ सेटिंग भरायची. यात पाच मिनिटे जातात.

बायोसकडे पाहण्याआधी एसएमपीएस तपासावा, हेही अनुभवानेच पक्के होते. १२ व्होल्टच्या वाहिनीला पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. यार्डातले एक बिलिंग मशीन रोज दुपारी गर्दीच्या वेळी बंद पडायचे. रॅम बदलून झाली होती, गाभ्याचे व्होल्टेजही कुणीतरी चढवून ठेवले होते. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या जोडणीवर मल्टिमीटर लावला तर बिनकामाचे ११.८ आणि भाराखाली ११.२. डब्यावर ४५० वॅट छापलेला एसएमपीएस वजनाला हलका होता. तो बदलला, बोर्ड मूळ सेटिंगवर आणला, तक्रार संपली. गाभ्याचे व्होल्टेज चढवून तिथे काहीच साधत नव्हते. खालावलेल्या १२ व्होल्टमधून जास्त काढायला गेले की व्हीआरएम आणखी प्रवाह ओढतो आणि वाहिनी आणखी बसते. वर्कशॉपमध्ये अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थमधला दाबही मोजावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मदरबोर्डला हात लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

हवामानाचाही यात वाटा आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, उन्हाळा सौम्य. उंचीमुळे हवा विरळ असल्याने पंखा थोडा कमी कामाचा, पण खोलीच थंड असल्याने ते खपून जाते. इथे डिसेंबरात १.३२ वर बेतलेले आणि दिवसभर तपासलेले एक मशीन बदलीबरोबर सोलापूरला गेले. मे महिन्यात तिथून फोन आला की दुपारी आपोआप बंद होते. सेटिंग तेच होते, खोलीचे तापमान पंधरा अंशांनी जास्त. उपाय फोनवरच झाला: पक्का आकडा काढून मूळ सेटिंग, वर उणे ५० मिलिव्होल्टचा ऑफसेट. मशीन कोणत्या गावात चालणार हे विचारल्याशिवाय व्होल्टेज ठरवू नये.

असा उणे ऑफसेट हा या सगळ्या सेटिंगमधला सर्वात उपयोगी आणि सर्वात दुर्लक्षित प्रकार. कारखान्याच्या आलेखात थोडी सढळ राखीव ठेवलेली असते, त्यातले ३० ते ५० मिलिव्होल्ट बहुतेक चिप सहज सोडतात. पंखा शांत होतो, व्हीआरएम थंड राहतो. पण कमी व्होल्टेज निरुपद्रवी आहे असा समज करून घेऊ नये. त्याने चिप जळत नाही, पण गणित चुकू शकते, आणि ती चूक निळ्या पडद्याऐवजी टॅलीच्या डेटा फाइलमध्ये उतरू शकते. त्यातही अडचण पुष्कळदा पूर्ण भाराखाली न दिसता मशीन निवांत असताना दिसते. म्हणून भाराची चाचणी झाली तरी दोन दिवस साधे काम करून बघावे आणि तोवर रोजचा बॅकअप चुकवू नये.

ऑटोवर विसंबण्याचा हिशेब सर्वात मोठ्या प्रमाणावर चुकला तो २०२४ मध्ये. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कुणी काही चढवलेले नव्हते. चिपच्या मागणीच्या सूत्रातच जास्त व्होल्टेज मागितले जात होते आणि अनेक बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये वीजमर्यादा सैल होत्या. कमीत कमी लागणारे व्होल्टेजच वर सरकले होते, म्हणजे वर सांगितलेली संथ झीज. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ या मायक्रोकोडने मागणीला १.५५ व्होल्टची वरची मर्यादा घातली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. झालेली झीज यातून भरून येत नाही, पुढची फक्त थांबते. म्हणून अशा मशीनवर बायोस अद्ययावत करायचा, वीजमर्यादांसाठी इंटेलचे मूळ प्रोफाइल निवडायचे, आणि त्यानंतरही चुका येत राहिल्या तर व्होल्टेज न चढवता चिप बदलून मागायची. इंटेलने या दोन पिढ्यांच्या बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. बॉक्समध्ये घेतलेल्या चिपला एकूण पाच वर्षे मिळतात. ज्यांच्याकडे असा प्रोसेसर आहे त्यांनी खरेदीचे बिल आणि बॉक्सवरचा अनुक्रमांक जपून ठेवावा.